तक्रार नंबर आईचा टाक

गाळा विकायचा हे तीन बैठकांत ठरलं होतं. चौथ्या बैठकीत फक्त सही व्हायची होती, म्हणून घरातले सगळे हजर होते. या घराण्याची रीतच अशी, की काही ठरवायचं असेल तेव्हा प्रत्येकाला कुठेतरी जायचं असतं, आणि ठरून गेलं की मत द्यायला एकही जण मागे राहत नाही.

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतला गाळा नंबर सतरा. सकाळचे सव्वाअकरा. चाकांची एकुलती एक खुर्ची गाळा घेणाऱ्या रंगनाथला दिलेली असल्यामुळे बुद्धभूषण उसाचे चरक भरायच्या लाकडी खोक्यावर बसला होता. रंगनाथला इथे व्यायामशाळा काढायची होती. करारनाम्याची फाइल मांडीवर ठेवून तो समोरच्या भिंतीकडे टक लावून बघत होता, आणि आरसे कुठून कुठपर्यंत येतील याचा हिशेब त्याच्या डोळ्यांत दिसत होता. त्या भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. खाली वडिलांनी, म्हणजे सुखदेवांनी, १९८९ साली स्वतःच्या हातांनी केलेला पहिला चरक उभा होता.

"बारापर्यंत आटपू या," रंगनाथ म्हणाला. "नंतर वेळ चांगली नाही."

"आमच्याकडे सगळ्या वेळा सारख्याच," सुखदेव म्हणाले.

शहात्तर वर्षांचे सुखदेव आज मुद्दाम जुना खाकी कोट घालून आले होते. पहिल्या बैठकीत त्यांनी विक्रीला विरोध केला, दुसऱ्या बैठकीत मौन पाळलं आणि तिसऱ्यात 'तुमचं तुम्ही बघा' म्हणाले. त्याला मुलीने होकार धरलं. मुलगी, आम्रपाली, सरकारी अधिकारी होती. मसुदा तिनेच केला होता आणि तो इतका पक्का होता, की रंगनाथच्या वकिलाने त्यातला एक स्वल्पविरामही हलवला नव्हता.

आम्रपालीला हा गाळा जाण्याची घाई होती आणि त्याचं कारण चरकावरच लिहिलेलं होतं. सुखदेवांनी पहिल्या यंत्राला चार वर्षांच्या लेकीचं नाव दिलं होतं. 'आम्रपाली डबल रोलर'. पुढे प्रत्येक यंत्राच्या छातीवर तेच नाव लाल अक्षरांत आलं. पुण्यातल्या निम्म्या रसवंत्यांमध्ये तिच्या नावाखाली ऊस पिळला जात होता. शाळेत तिला सगळे 'डबल रोलर' म्हणत, आणि लग्नात नवऱ्याच्या मित्रांनी मांडवात घुंगरू वाजवले होते.

राहता राहिला बुद्धभूषण. त्याने हातपाय हलवले नाहीत असं त्याच्या वैऱ्यानेही म्हटलं नसतं. रसवंतीवाल्यांना आता स्टीलची, काचेच्या पेटीतली, मुकी यंत्रं हवी होती. संक्रांत उलटली तरी यंदा चारच चरक गेले होते. म्हणून त्याने परदेशाकडे नजर लावली आणि सहा वर्षांत निर्यातीची अकरा शिबिरं केली. परदेशातली संधी कशी ओळखावी यावर तिथले सर छान बोलत. संधी तीन वाटांनी येते म्हणत. शोधून, ओळखीतून आणि अनपेक्षित. बुद्धभूषणने वहीत तीन रकाने आखले. पहिल्यात दुबईचं प्रदर्शन होतं. तिथे तो घुंगरू काढलेला 'सायलेंट' चरक घेऊन तीन दिवस न्हाणीघराच्या सामानाच्या दालनात उभा राहिला, आणि एका सभ्य गृहस्थाने त्यात टॉवेल पिळून पाहिला. दुसऱ्या रकान्यात मेहुण्याचा कतारमधला मित्र होता. तो विमा विकत होता. तिसरा रकाना कोरा राहिला, कारण अनपेक्षित गोष्ट आधी कशी लिहायची ते सरांनी सांगितलं नव्हतं.

आज सही झाली की गाळ्यातला जुना कामगार संपत आणि त्याचे दोन सोबती दुसरीकडे काम शोधणार होते, आणि बुद्धभूषण एका कारखान्याच्या खरेदी खात्यात नोकरीला लागणार होता. वडिलांनी उभं केलेलं आपल्या हातून बसतंय, याची त्याला लाज वाटत होती. रोज सकाळी दात घासताना ती वाटायची आणि दिवसभर तोंडात राहायची.

"पेन आहे ना कुणाकडे?" आम्रपालीने विचारलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून टिंग असा आवाज आला.

कोपऱ्यात कांताबाई स्टुलावर बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, फोन हातभर लांब धरलेला, आणि एक बोट हवेत. येरवड्याच्या बालवाडीत त्यांनी तीस वर्षं घालवली होती. त्यामुळे अक्षर लिहिण्यापूर्वी बोटाने ते हवेत काढून बघायची सवय होती.

"आई, फोन ठेव ना जरा," आम्रपाली म्हणाली.

"टांगेवाला आहे. त्याच्या चरकाची लाट अडकली पुन्हा."

टांगेवाला घरात सगळ्यांना ठाऊक होता. आठ महिने त्याचा विषय जेवणाच्या ताटावर येत होता. आणि तो यायला मूळ कारण बुद्धभूषणच होता.

झालं होतं असं. काही वर्षांपूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला विरंगुळा म्हणून त्याने तक्रार विभाग सुरू केला. विभाग म्हणजे आई आणि तिचा फोन. चरकावर लावायच्या पत्र्याच्या नव्या पाट्या करायला दिल्या, तेव्हा मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव, वेबसाइट, ईमेल आणि स्वतःचा नंबर लिहून झाल्यावर त्याने पाटीवाल्यासाठी चिठ्ठीच्या तळाशी लिहिलं, 'तक्रार नंबर आईचा टाक', आणि पुढे आईचा नंबर. पाटीवाल्याने शब्दाला शब्द ठोकला. तीनशे पाट्या आल्या, तीनशेच्या तीनशेंवर 'तक्रार नंबर आईचा टाक'. पत्रा चांगला होता. बुद्धभूषणने त्या वाया घालवल्या नाहीत. ज्या जुन्या चरकांची दुरुस्ती व्हायची त्यांनाही त्याच ठोकल्या.

वेबसाइटवर सहा वर्षांत कुणी आलं नाही. आईला मात्र दिवसाला चार निरोप यायचे.

"काय म्हणतोय?" पलीकडच्या कोपऱ्यातून संपतने विचारलं. तीस वर्षं लेथवर काढलेला हा माणूस फुरसुंगीचा. विक्रीच्या बैठकीत त्याला मत नव्हतं, पण लाटेचा, म्हणजे चरकाच्या रोलरचा, विषय निघाल्यावर गप्प बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

कांताबाईंनी वाचून दाखवलं. "'आदरणीय तक्रार माता. डावा रोलर दुःखी आहे. घंटा मृत आहे. गाढव निरोगी आहे.'"

रंगनाथने फाइलीतून मान वर केली.

"गाढव कुणाचं?"

"टांगेवाल्याचं," कांताबाई म्हणाल्या. "आधी घोडा नव्हता त्याच्याकडे. मीच म्हटलं होतं, टांग्यावर चरक बसवलायस तर घुंगरू जपून लाव, घोडा बिथरेल. तर बिचारा म्हणाला, माता, घोडा मिळत नाही, गाढव चालेल का? म्हटलं, चालेल, पण आवाजाची सवय कर त्याला."

"मी बी सांगितलं व्हतं," संपत म्हणाला, "गाढवाला तोबरा द्या, मंग मोटार चालू करा. लई फरक पडतो."

"कुठला आहे हा?" सून चैतालीने विचारलं. ती इथून दोन किलोमीटरवरच्या आयटी कंपनीत होती आणि मीटिंग आहे असं सांगून आली होती. ते अगदी खोटंही नव्हतं.

"नागपूरकडचा असणार. इतकं शुद्ध बोलतो, आणि तक्रार करतानाही आदरणीय म्हणतो. पुण्यातलं गिऱ्हाईक म्हणेल का? शिवाय हिंदी मिसळतो. परवा लिहिलं, मी बंदरावर गेलो होतो. म्हटलं, घोडा झाला, गाढव झालं, आता माकड? सर्कशीत आहे की काय हा."

"आई," चैताली म्हणाली, "बघू फोन."

तिने तो घेतला आणि बराच वेळ नुसतीच वर वर सरकवत राहिली. बुद्धभूषण तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण हा चेहरा त्याने एकदाच पाहिला होता, आणि तेव्हा लॉटरीचं तिकीट एका आकड्याने हुकलं होतं.

"आई, हा नंबर प्लस दोनशे पंचावन्न आहे."

"असेल. तिकडचे नंबर वेगळे असतात."

"टांझानिया. आफ्रिका. टांगा हे त्या गावाचं नाव आहे, आई. बंदर आहे तिथे. समुद्राचं बंदर."

बाहेर कुणीतरी रिक्षा सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

"म्हणजे टांगा नाही त्याच्याकडे?" कांताबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग मी त्याला गाढव का घ्यायला लावलं?"

कांताबाई मनापासून कानकोंड्या झाल्या. "म्हणूनच पत्ता विचारला की नुसतं 'टांगा' लिहायचा," त्या पुटपुटल्या. "म्हटलं, टांग्यावर कुरियर कसं पाठवणार? तो विचारायचा, चरकाचं नवं चाक कधी येईल, मी संपतला विचारायचे, संपत म्हणायचा परवा. मी लिहायचे परवा."

चैतालीने कपाळावर हात मारला. "तो ट्रान्सलेट करून वाचतो, आई. त्याला परवा म्हणजे होऊन गेलेला परवा दिसत होता. तुम्ही दर वेळी सांगत होतात, चाक परवाच आलं. म्हणून तो बंदरावर जायचा."

"किती वेळा गेला?"

"अकरा."

अकरा हा आकडा बुद्धभूषणला लागला. तो शिबिरांना अकरा वेळा गेला होता, आणि कुणीतरी समुद्रापलीकडून त्याच्या चाकासाठी अकरा वेळा बंदरावर जात होतं.

पण शिबिरांनी त्याला एक गोष्ट पक्की शिकवली होती. "हे फ्रॉड असतं," तो उभा राहून म्हणाला. "सरांनी सांगितलं होतं. आधी विश्वास मिळवतात, मग कस्टमचे पैसे मागतात. आपण टांझानियाला एकही चरक पाठवलेला नाही. आई, त्याला पैसे पाठवलेस का?"

"त्याने काही मागितलं नाही. चाकाचं चित्र मागितलं. संपतने फरशीवर खडूने काढलं, मी फोटो पाठवला. शेवटी त्याने तिकडच्या लोहाराकडून करून घेतलं."

"लावून टाक त्याला फोन," सुखदेव म्हणाले. "समोर दिसला म्हणजे कळेल."

चैतालीने व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पहिल्या चरकाला टेकवून उभा केला. दोन रिंगा झाल्या. पडद्यावर उजेड, निळी ताडपत्री, आणि मग गोल टोपी घातलेला एक मध्यमवयीन माणूस आला. कांताबाई दिसताच त्याने दोन्ही हात वर केले.

"मामा! मामा आई!"

"मला मामा का म्हणतो हा?"

"त्यांच्यात आईला मामा म्हणतात," चैताली म्हणाली, आणि इंग्रजीत त्याच्याशी बोलू लागली. त्याचं नाव जुमा. तो मोडकंतोडकं इंग्रजी बोलत होता, पण हात इतके बोलके होते की संपतलाही कळत होतं. सहा वर्षांपूर्वी मुंबईहून जुन्या बसची इंजिनं भरलेला कंटेनर आला होता. त्यात खाली तीन चरक निघाले. त्याने ते घेतले. मग दर वर्षी तो त्याच भंगारवाल्याकडून जुने चरक मागवत गेला. आता बावीस होते. भंगारातले संपले होते. दुरुस्तीसाठी पाटीवरच्या सगळ्या नंबरांवर त्याने फोन केला. मोठ्या अक्षरांतला नंबर कुणी उचलला नाही.

बुद्धभूषणला आठवलं. परदेशी नंबर दिसला की तो कापायचा. फ्रॉडवाले असतात म्हणून.

"बिल कुणाच्या नावाने आहे?" सुखदेवांनी विचारलं. त्यांचा आवाज चढला होता. "माझा पासपोर्ट काढून पंधरा वर्षं झाली, कोरा पडलाय. आणि हे बावीस जण मला न विचारता समुद्र ओलांडून गेले?"

"बाबा, ते चरक आहेत," बुद्धभूषण म्हणाला.

"माझेच ना?"

"आपले कशावरून? पडद्यावर कुणीही काहीही दाखवेल," तो म्हणाला. खरं तर त्याला ते खरं असावं असं इतकं वाटू लागलं होतं, की विश्वास ठेवायची भीती वाटत होती. दुबईहून परत येताना विमानात तो कसा बसला होता हे त्याने अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं.

जुमाला बहुधा अंदाज आला. त्याने फोन वळवला आणि मोटार चालू केली. चरक फिरू लागला. घुंगरू मात्र वाजले नाहीत. ते शेजारी उभ्या गाढवाच्या गळ्यात होते, आणि गाढव शांतपणे चोथा खात होतं.

संपत फोनपाशी उकिडवा बसला. डोळे मिटून त्याने ऐकलं.

"दादा," तो सुखदेवांना म्हणाला, "तुमी बी ऐका. डावं बेअरिंग."

सुखदेव वाकले. दोघांची डोकी एकमेकांना टेकली.

"अठ्ठ्याण्णव," सुखदेव म्हणाले.

"अठ्ठ्याण्णवचाच हाय. त्या साली लाट वाकडी आली व्हती अन् आपण तशीच बसवली. हर फेऱ्याला कुंई करतो. हा आपलाच हाय, भूषणभाऊ. आईशप्पत."

बुद्धभूषण खोक्यावर बसला. त्याने उगाच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

पडद्यावर आता जुमाने दुकानाची पाटी दाखवली. लाल अक्षरं होती, चरकाच्या छातीवरूनच उतरवलेली. आम्रपाली. पलीकडच्या दुकानावरही आम्रपाली. त्याच्या पलीकडेही. प्रत्येक दुकानासमोर एक गाढव. एक शाळेतली मुलगी आली, नाणं ठेवलं आणि म्हणाली, "आम्रपाली मोजा."

"काय मोजायचंय तिला?" कांताबाईंनी विचारलं.

"मोजा म्हणजे एक," चैतालीने जुमाला विचारून सांगितलं. "तिथे उसाच्या रसाला आम्रपालीच म्हणतात. दुसरा शब्दच वापरत नाहीत. एक आम्रपाली द्या."

मुलीने ग्लास तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. मग ओठांवरून हात फिरवून हसली. आम्रपाली, शासकीय अधिकारी, वर्ग दोन, ते बघत राहिली. तिने चष्मा काढला, पुसला, घातला आणि रंगनाथपुढे हात केला.

"फाइल बघू जरा."

"अहो मॅडम, तुम्हीच केलीय ती."

"म्हणूनच. कलम सातमध्ये त्रुटी आहे."

"कसली त्रुटी?"

"ती मला वाचल्यावर सापडेल," आम्रपाली म्हणाली आणि फाइल पर्समध्ये घातली.

जुमा बोलतच होता. चैताली ऐकता ऐकता थांबली आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"त्याला नवे हवेत. तेवीस. शेजारच्या गावांतले लोक मागतायत. अर्धे पैसे आधी द्यायला तयार आहे. पण तीन अटी आहेत म्हणतो. सायलेंट नको. पाटीवर खालची ओळ तशीच हवी, ती असली तरच माणसं यंत्र खरं मानतात."

"कुठली ओळ?"

"आईचा टाक."

"आणि तिसरी?"

"तारीख. त्याने परवा हा शब्द आता ब्लॉक केलाय म्हणतो."

सगळे बुद्धभूषणकडे बघू लागले. सुखदेव, आम्रपाली, चैताली, संपत. पाऊण तासापूर्वी हीच माणसं सही करायला जमली होती. फक्त कांताबाई पडद्याकडे बघत होत्या आणि जुमाला खुणेने विचारत होत्या, जेवलास का.

"आई," तो म्हणाला, "मी तुला तो नंबर दिला, तो तुझा वेळ जावा म्हणून."

"ठाऊक आहे मला."

"मी कधी वाचले नाहीत तुझे निरोप."

"तू कामात होतास," कांताबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि पुण्यात राहून त्यांना टोमणा येत नव्हता असं नाही. म्हणून ते त्याला जास्त लागलं. "मूल रडायला लागलं की ते आपल्याकडेच आलेलं असतं, भूषण. दुसरीकडे जायचं असतं तर इथे कशाला रडलं असतं? बालवाडीत मी नव्या बायांना एवढंच शिकवायचे."

अकरा शिबिरांत हे कुणी सांगितलं नव्हतं. बुद्धभूषणला वही आठवली. ती विश्रांतवाडीला घरीच राहिली होती.

"संपत, पहिले पाच कधी होतील?"

"परवा..." संपतने जीभ चावली. "मार्चच्या धा तारखेला. दोन माणसं वाढवली तर."

बुद्धभूषणने आईचा फोन हातात घेतला. आठ महिन्यांचे निरोप वर दिसत होते. दुःखी रोलर, मृत घंटा, निरोगी गाढव, आणि प्रत्येकाखाली आईचं एका बोटाने लिहिलेलं उत्तर. सवयीने त्याच्याही अंगठ्याने 'परवा' लिहिलं. त्याने ते खोडलं, आणि सावकाश एक एक अक्षर लिहिलं. पाच चरक, दहा मार्च, घुंगरांसह. खाली स्वतःचं नाव घातलं, तेही खोडून त्याने लिहिलं, तक्रार विभाग.

रंगनाथ खुर्चीवरून उठला. घड्याळात बाराला पाच कमी होते.

"साहेब, मग आमच्या सहीचं कधी?"

"परवा या," बुद्धभूषण म्हणाला.

"परवा म्हणजे शनिवारी?"

कांताबाईंनी चष्म्यावरून रंगनाथकडे पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तो होऊन गेला."